पिशवी कोणाची, पावती कोणाची?

महोदय,
घरपोच किराणा पोहोचवणाऱ्या कंपन्यांवरील आपल्या अंकातील लेख वाचला. सांगलीच्या गणपती पेठेतील दुकानदारांची बाजू त्यात नीट आली, पण माल नेमका विकतो कोण, हे राहून गेले.

गेल्या महिन्यात आम्ही मागवलेले शेंगदाणे खवट निघाले. (सांगलीत राहून शेंगदाणे मोबाइलवरून मागवले, हा दोष आमचाच!) पिशवीवर कंपनीचे ठळक नाव, पावतीवर मात्र बारीक अक्षरांत भलताच विक्रेता, तोही पुण्याचा. तक्रार केली तर उत्तर आले, ‘आम्ही केवळ मध्यस्थ.’

याचे मूळ परकीय गुंतवणुकीच्या नियमांत आहे. परकीय मालकीच्या कंपनीला भारतात तयार झालेले खाद्यपदार्थ सरकारी मंजुरीने विकता येतात. अनेक ब्रँडचा बाकी माल ऑनलाइन स्वतः विकता येत नाही, फक्त इतर विक्रेत्यांसाठी ऑनलाइन बाजार चालवता येतो. फेब्रुवारी 2019 पासून तर बाजार चालवणाऱ्या कंपनीचे भांडवल ज्यात आहे, अशा विक्रेत्यालाही तिथे विक्रीची मुभा नाही. घरपोच किराणा देणाऱ्या ब्लिंकिटची मालक ‘इटर्नल’ हिने 2025 मध्ये आपल्यातील परकीय हिस्सा 49.5 टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याच्या आत रोखला, तो स्वतःचा माल ठेवता यावा म्हणूनच.

रचना काहीही असो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. विक्रेत्याचे नाव-पत्ता पैसे भरण्याआधी, कंपनीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत दाखवण्याची सक्ती ग्राहक व्यवहार खात्याने करावी.

– एक ग्राहक, विश्रामबाग, सांगली