चित्रात पन्हळ आली पाहिजे

नौपाडा, ठाणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

चरई, खारकर आळी आणि चेंदणीतल्या जुन्या घरांची रेखाटनं आणि फोटो एकत्र मांडायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. एकदा घराभोवती पत्रे लागले की आत काय होतं ते सांगायला कुणी उरत नाही. पण ‘आधी फोटो, मग घरी बसून त्यावरून चित्र’ हा तू लिहिलेला क्रम मला मुळीच पटत नाही. फोटोवरून काढलेल्या चित्रात फोटोतला वाकडेपणा तसाच उतरतो. आणि घर कशामुळे मोडकळीला आलं हे जागेवर उभं राहून काढल्याशिवाय कळत नाही. तेव्हा आधी मापं, मग रेखाटन, फोटो शेवटी.

दर्शनी बाजूला १:५० हे प्रमाण धर. ६ मीटरची भिंत १२ सेंटीमीटरची होते, आणि ए-३ कागदावर कडा सोडूनही १८ मीटरचं घर आडवं मावतं. कठड्याची नक्षी, खिडकीचा गज असलं काही १:१० ने वेगळं काढ. टेपचा शून्य एका कोपऱ्यावर धर आणि सगळी मापं त्याच शून्यापासून वाच. एकेक खिडकी सुटी मोजत गेलास तर दर वेळी थोडंथोडं चुकतं आणि दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हिशेब जुळत नाही. जोतं सरळ आहे असं समजून चालू नकोस. गवंड्याची लेव्हलची नळी घे, भिंतीवर खडूची आडवी रेष मार आणि उंची त्या रेषेपासून वर-खाली मोज. जोतं कुठे खचलंय ते तिथेच कळेल. हात पोचत नाही तिथे विटांच्या खालच्या दहा थरांची उंची घे आणि वर किती थर आहेत ते मोजून हिशेब कर. गिलावा असेल तर जिन्याच्या पायऱ्या मोजून एका पायरीच्या उंचीने गुण. लेझर मीटर चांगला, पण कडक उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही.

टेप बाहेर काढण्याआधी मालक आणि भाडेकरू दोघांनाही भेट, आधीची चित्रं दाखव. वादातल्या घरात मापं घेणारा माणूस बिल्डरचाच वाटतो.

आता मुख्य गोष्ट. कौलारू घरासमोर उभा राहिलास की नजर आधी पन्हळीवर, म्हणजे छपराच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीवर, जाऊ दे. पत्र्याची पन्हळ सांध्यात गंजली की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. तिथेच तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं. त्याला वारा लागत नाही, म्हणून लाकूड तिथून कुजतं. मधे तुळई मात्र ठणठणीत दिसते. टोक दबलं की वरची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, उतरते, सज्जाचा कठडा त्या बाजूला कलतो, खालची चौकट तिरकी होते आणि दार उंबरठ्याला घासायला लागतं. घासणाऱ्या दाराचं कारण असं वर पन्हळीत सापडतं. म्हणून पन्हळीचा फुटका सांधा, त्याखालची काळी-हिरवी ओल, तुळईचं टोक, कललेला कठडा, तिरकी चौकट हे सगळं एकाच उभ्या पट्ट्यात काढ. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून कल किती सेंटीमीटर आहे ते बघ आणि आकडा चित्रातच लिही.

चुन्याच्या भिंतीला मागाहून सिमेंटचा गिलावा केलेला असला तर तो ठोकून बघ. ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार मागे साठतात आणि गिलावा भिंतीपासून सुटतो. पोकळ आवाज येईल तेवढ्या भागाची कड तुटक रेषेने दाखव. पिंपळ तर असणारच. तो दर वर्षी वरून छाटतात, पण मुळं चुन्याच्या दरजांमध्ये जाड होत राहतात. म्हणून पानांपेक्षा छाटलेले खुंट नीट काढ. सुटलेलं मंगलोरी कौल मिळालं तर उलटून बघ. कारखान्याचा छाप असेल त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घास, अक्षरं आपोआप उठतात. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, पुढे इतरही निघाले. छापावरून कौलाचा काळ कळतो, घराचा नाही. कौलं बदलली जातात.

काँक्रीटच्या जुन्या इमारतींचं दुखणं वेगळं. आतला लोखंडी गज गंजला की मूळच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून काँक्रीटचा पापुद्रा सुटून पडतो. बाहेर झेपावलेल्या गॅलरीचा मुख्य गज स्लॅबच्या वरच्या अंगाला असतो. लादीखालून पाणी मुरलं की तोच आधी गंजतो, आणि भिंतीलगत लादीवर आडवी भेग पडते. ही भेग खालून दिसत नाही, त्यामुळे अशा गॅलरीचा छेद, म्हणजे उभं कापल्यावर आतलं दिसेल असं चित्र, काढायलाच हवा. इमारत पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत सी-१ मध्ये असेल, म्हणजे रिकामी करून पाडायची, तर गॅलरीखाली उभा राहू नकोस. रस्त्याच्या पलीकडून दिसेल तेवढंच काढ.

फोटोचं म्हणशील तर कॅमेरा वर उचलू नकोस, उभ्या रेषा माथ्याकडे जुळतात. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, घराच्या निम्म्या उंचीवरून घे. एफ-८, आयएसओ १००, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. गल्ली अरुंद म्हणून भिंतीला समांतर सरकत तुकडे घेऊन जोडलेस तर भिंत नीट जुळेल, पण पुढे आलेला सज्जा दोनदा उमटेल. तो वेगळा टिप. अख्ख्या दर्शनी बाजूला ढगाळ उजेड उत्तम. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून घरं, पाण्याच्या टाक्या अशाच उजेडात, समोरून, एकाच शिस्तीने टिपल्या. फुगवटा दाखवायचा तर ऊन भिंतीला घासून जाईल ती वेळ साध. सर थांबल्यावर थोडं थांब: भिंत वाळून फिकी होते, गळतीची जागा काळीच राहते. केबलच्या वायरी फोटोत राहू देत, चित्रात गाळ. तुरुंगाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या तटाकडे कॅमेरा रोखू नकोस.

रंग भरणार असशील तर ३०० जीएसएमचा जाड कागद आण आणि रेष पाण्याने न फुटणाऱ्या पिगमेंट शाईची ठेव. पावसाळ्यात आपल्याकडे शाई वाळायला वेळ लागतो आणि ओल धरलेला कागद टिपकागदासारखा रंग पितो. म्हणून वही सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेव. चित्राच्या मागे पेन्सिलीने गल्ली, दिशा, प्रमाण आणि तारीख लिही, फोटोच्या फाइलला तेच नाव दे.

पहिला कागद झाला की ६०० डीपीआयने स्कॅन करून मापांच्या वहीसकट पाठव. बेरजा जुळतात का ते मी बघते.

तुझी,
मीनल