नाव विचारायचं राहून गेलं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात वर्षभर एकच विषय होता, बाबांचं मूत्राशय. गाठ दुर्बिणीतून काढली, बीसीजीचे (क्षयाची लस तीच, इथे मूत्राशयात सोडतात) डोस झाले, तरी कॅन्सर उलटला. एक मार्ग मूत्राशयच काढण्याचा. दुसरा, मायटोमायसिन हे औषध ४३ अंशांच्या आसपास तापवून नळीवाटे तासभर आत फिरवायचं. उष्णतेनं ते पेशींत जास्त शिरतं, आणि पेशींना स्वतःची डागडुजीही धड जमत नाही. बाबांनी दुसरा निवडला. दर आठवड्याला एक, अशा सहा खेपा मुंबईला. त्या खेपांत भेटलेल्या, नाव विचारायचं राहून गेलेल्या माणसांचे हे आभार.

पहिल्याच खेपेला 'आता लागली, आता लागली' म्हणून बाबा घायकुतीला आले. तेव्हा एका सिस्टरनी त्यांना तासभर भाकरवडीच्या गप्पांत गुंतवून ठेवलं. (बाबांचं पथ्य मोडायला तेवढं पुरेसं होतं, ते सोडा.) जांभळं औषध बघून मी दचकले, तर म्हणाल्या, "रंगच तसा आहे हो." नंतर सहा तास बसूनच लघवी करायची, हात साबणानं धुवायचे, हेही त्यांनीच दोनदा बजावलं.

ते सहा तास म्हणजे नेमकी आमची परतीची गाडी! दाराजवळची जागा बाबांना देऊन स्वतः मधे अवघडून बसलेले काका, तुमचेही आभार.

परवाच्या दुर्बिणीत मूत्राशय स्वच्छ दिसलं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी.

आणि बडोदा स्टेशनवरचे रिक्षावाले भाऊ, "पैसा पछी" म्हणून निघून गेलात. तुमचे दोनशे रुपये अजून माझ्या पर्समध्ये वेगळे ठेवलेत.