वजनकाट्यासोबत आकडा पाहणारा माणूसही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हृदयाचे पंपिंग कमी झालेला रुग्ण सूज उतरवून घरी जातो आणि काही आठवड्यांत पुन्हा दम लागून त्याच खाटेवर येतो. अशा रुग्णांवर घरी यंत्रांद्वारे लक्ष ठेवावे, ही मागणी रास्तच आहे. पण नुसती यंत्रे वाटून भरती कमी होत नाही. अमेरिकेत 1653 रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना रोज फोनवरच्या स्वयंचलित आवाजाला वजन व लक्षणे सांगायची होती, बाकीच्यांवर नेहमीचे उपचार होते. 2010 साली निष्कर्ष आला, फरक शून्य. 2018 सालच्या जर्मनीतल्या 1571 रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांचे वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज केंद्राकडे जात होते आणि तिथे चोवीस तास डॉक्टर, नर्स बसलेले होते. वर्षाला अचानक भरती वा मृत्यूमुळे गमावलेले दिवस नेहमीच्या उपचारांत 24.2, तर या रुग्णांत 17.8 भरले.

फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा दाबमापक सेन्सर आहे, पण आपल्याकडे सुरुवात काट्यानेच व्हावी. 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा हवा. सारवलेल्या जमिनीवर तो कलतो आणि आकडा चुकतो, म्हणून खाली फरशीचा सपाट तुकडा ठेवावा. सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन घ्यावे. दवाखान्यातला काटा वेगळा असतो; म्हणून घरी परतल्यावर पहिल्या सकाळचे वजन हाच पाया धरावा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, म्हणजे अंगात पाणी साठत असावे, की त्याच दिवशी फोन. काहींचा दम वजन न वाढताही वाढतो, तेव्हा रात्री उठून बसावे लागले का, हेही विचारलेच पाहिजे.

वजन वाढले की आधी कारण शोधावे. लघवीची गोळी संपली? पापड-लोणचे वाढले? निंदण-खुरपणानंतर गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली? ही गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, हे रुग्णाला कुणी सांगतच नाही.

विदर्भात उलटा धोकाही आहे. मे महिन्यात पारा 45 वर गेला की घामाने पाणी कमी होते, गोळीचा डोस मात्र तोच राहतो. बीपी उतरते, चक्कर येते, किडनीवर ताण येतो. म्हणून वजन घटल्याचीही सूचना हवी. परदेशी नियम जसेच्या तसे उचलले तर नेमके हेच सुटेल.

मेळघाट किंवा भामरागडसारख्या भागात अॅपचा हट्ट नको. साधा एसएमएस पुरे, तोही जात नसेल तर आशाताईंच्या वहीत नोंद. सकाळी दहापर्यंत आकडा आला नाही तर उपकेंद्रातल्या सीएचओने (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने) स्वतः विचारपूस करावी, कारण आजारी माणूसच काट्यावर उभा राहत नाही. डोस कधी, किती बदलायचा हे फिजिशियनने प्रत्येक रुग्णासाठी लेखी द्यावे, अडले तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर बोलावे आणि डोस बदलल्यावर आठवडाभरात रक्तातले क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचे मोजमाप) आणि पोटॅशियम तपासावे. आशांना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. जिल्हा परिषदांनी काट्यांची खरेदी करण्याआधी या माणसांच्या कामाची आणि पैशांची तरतूद करावी.

– एक वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा