बाटलीवर ओतणाऱ्याचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांतील प्रयोगशाळांच्या सुरक्षेवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. चष्मे, एप्रन, अग्निशामक नळकांडी, सगळे त्यात आले. प्रयोग आटोपल्यावर जे उरते त्याचे पुढे काय होते, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केल्यामुळे मला प्रयोगापेक्षा त्या उरलेल्याचीच धास्ती जास्त. प्रयोग चालू असतो तेव्हा निदान चार डोळे त्यावर असतात आणि काय किती घातले ते वहीत असते. वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ रसायनांच्या बाटलीत काय काय पडले, याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसते.

नेहमी घडणारा प्रकार सांगतो. बाटलीत दुपारचे नायट्रिक आम्ल आहे. संध्याकाळी दुसरा कोणी काचसामान ॲसिटोनने विसळतो आणि ते विसळलेले ॲसिटोन त्याच बाटलीत ओततो. लगेच काहीच होत नाही, म्हणून घट्ट बूच लावून निघून जातो. मिश्रण आतल्या आत तापत राहते, वायू साठत जातो आणि रात्री केव्हातरी बाटली फुटून काचा खोलीभर उडतात. त्या वेळी तिथे कोणी नसले तर नशीब म्हणायचे. नायट्रिकला स्वतंत्र बाटली आणि दाब बाहेर सोडणारे झाकण, एवढ्याने हे टळते. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे धुण्याचे मिश्रण तर काम झाल्यावरही बराच वेळ वायू सोडत राहते. ते पूर्ण निवेपर्यंत उघड्या भांड्यात फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) राहू द्यावे. कोणतीही बाटली काठोकाठ भरू नये, वरचा दहावा हिस्सा तरी मोकळा सोडावा.

कपाटात मागे सरकलेल्या बाटल्यांची गोष्ट वेगळी. ईथर किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) ही सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावके, हवेच्या संपर्कात राहिली की त्यांत पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगे तयार होतात. बुचाभोवती पांढरे स्फटिक दिसले, तर बूच फिरवतानाच्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. पिक्रिक आम्लात किमान 30 टक्के पाणी असेल तोवर ते गुमान असते, कोरडे पडले की स्फोटक. या बाटल्या तिथे राहतात कशा? ‘पुढेमागे लागेल’ म्हणून. ज्याने ठेवली तो पीएच.डी. घेऊन केव्हाच गेलेला असतो आणि मागे उरते ‘अ-3’ असे मार्करने लिहिलेले, अर्धे पुसलेले लेबल. अशा अनोळखी बाटलीची विल्हेवाट लावायला पैसेही जास्त पडतात, कारण आधी ती तपासावी लागते.

सिंकमध्ये ओतणारे महाभागही आहेत. सोडियम अझाइड हे रसायन तांब्याच्या किंवा शिशाच्या सांडपाण्याच्या नळ्यांतून गेले की तिथे त्या धातूंचे स्फोटक अझाइड साचते. पुढे कधीतरी तुंबलेली नळी ठोकायला येणाऱ्या प्लंबरला त्याची काय कल्पना असणार?

आणि या बाटल्या उचलतो कोण? अटेंडंट, नाहीतर सफाई कामगार. दोन्ही हातांत अडीच-अडीच लिटरच्या काचेच्या बाटल्या मानेला धरून कोपराने दार ढकलणारा माणूस मी कितीदा तरी पाहिला आहे. त्यातल्या एकीत ईथर असेल, तर उणे 45 अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघते. ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचू शकते. बाटली प्लास्टिकच्या टबात, टब उंच काठाच्या ट्रॉलीवर, आम्ल आणि सॉल्व्हंट वेगवेगळ्या खेपांत, लिफ्टमध्ये इतर माणसे नकोत आणि सांडलेले टिपून घेण्याचे साहित्य सोबत, एवढी तजवीज तरी असावी. ‘हातमोजे दिले आहेत की’ हे उत्तर पुरेसे नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात प्रा. कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे थेंब पडले. लॅटेक्समधून ते आरपार गेले आणि पुढच्या वर्षी पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. स्वतः धातूंच्या विषारीपणाचा अभ्यास करणाऱ्या बाईंची ही गत. बाटलीत काय आहे हेच ठाऊक नसलेल्या माणसाने हातमोजे कोणते निवडायचे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिला थेंब ओतण्याआधी लेबल लावावे. त्यावर रसायनांची पूर्ण नावे असावीत. सूत्रे आणि स्वतःपुरती संक्षिप्त रूपे चालणार नाहीत. अंदाजे प्रमाण, तारीख आणि ओतणाऱ्याचे नाव लिहावे. असे लेबल नसेल तर बाटली उचलायला नकार देण्याचा अधिकार अटेंडंटला लेखी मिळावा, आणि त्याने तो वापरला म्हणून कोणी त्याच्यावर आवाज चढवू नये. यात वेळ जातो ही संशोधकांची तक्रार मी भरपूर ऐकली आहे. लेबल लिहायला मिनिटभर लागते, तोंडे वाकडी करण्यातच जास्त वेळ जातो.

ग्रंथालयाचे एक पुस्तक राहिले तरी विद्यार्थ्याचे ‘नो ड्यूज’ अडते. त्याच कागदावर त्याचे टेबल, कपाट आणि फ्रिजमधला कप्पा तपासल्याची सही बंधनकारक करावी, आणि ती सही मार्गदर्शकाने स्वतः बाटल्या पाहून करावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक