जावांचं भांडण म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्हॅलेंटिना व्हिस्कोंतीवरचा लेख वाचला. (मिलानच्या सत्ताधीशाची ही मुलगी, फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाला दिलेली.) त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण म्हटलं राग जरा निवू द्यावा. निवला नाही.

लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे, हुंड्यातल्या दागिन्यांचं वर्णन तर वाचत राहावं असं. पण शीर्षक काय, तर ‘फ्रेंच दरबारातलं जावांचं भांडण’! सहाशे वर्षांपूर्वीचा राजकीय खून, चेटकाचा आळ, मिलानच्या गादीचा हक्क, सगळं दोन बायकांच्या हेव्यादाव्यात गुंडाळून टाकलंत.

आधी नाती नीट लावू. व्हॅलेंटिना आणि तिचा नवरा लुई ‘दूरचे नातलग’ असं छापलंय. दूरचे? व्हॅलेंटिनाची आई इझाबेल ही फ्रान्सचा राजा जाँ दुसरा याची मुलगी. म्हणजे शार्ल पाचवा तिचा सख्खा मामा आणि नवरा लुई हा त्या मामाचा धाकटा मुलगा. (आपल्याकडे मामाची मुलगी करतात, आत्याची नाही, त्यांना पोपची परवानगी घेऊन चालली.) राजा शार्ल सहावा तिचा थोरला दीर आणि मामेभाऊही. २३ नोव्हेंबर १४०७च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यात मारेकरी घालून लुईला ज्यानं मारलं, तो बर्गंडीचा ड्यूक जाँ कोण? सगळ्यात धाकट्या मामाचा मुलगा. नवरा मामेभाऊ, नवऱ्याला मारणाराही मामेभाऊ. एवढं लेखात आलं असतं तरी मी गप्प बसले असते.

आता जाऊ. राणी इझाबो तिची जाऊ खरी, पण त्याआधी चुलत आत्याची मुलगी. इझाबोच्या आईचे वडील बेर्नाबो व्हिस्कोंती यांना १३८५ साली कैदेत टाकून मिलान बळकावलं ते व्हॅलेंटिनाच्या बापानं. आजोबा त्याच वर्षी कैदेतच गेले. विष घातलं असं तेव्हाही बोललं जात होतं. आणि त्याच वर्षी इझाबो सून होऊन फ्रान्सला आली. आजोबांना मारणाऱ्याची मुलगी चार वर्षांनी धाकटी जाऊ म्हणून घरात आली, तर तिनं तिची ओटी भरायची होती का?

तरीही चेटकाचं कुभांड काही या एका गोष्टीवर उभं राहिलं नाही. राजाला १३९२पासून वेडाचे झटके येत. तशात तो राणीला ओळखत नसे आणि व्हॅलेंटिनाला मात्र बोलावून घेई. झालं! इटलीहून आलेली, त्यात व्हिस्कोंती, म्हणजे विष आणि जादूटोणा आलाच. १३९६मध्ये तिला पॅरिस सोडावं लागलं. वेड्या राजाच्या नावानं कारभार कुणी हाकायचा आणि तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे, यावरून लुई आणि बर्गंडीचा मामा, म्हणजे त्या जाँचा बाप, यांच्यात तेव्हा जुंपलेली होती. व्हॅलेंटिना बदनाम झाली तर फायदा कुणाचा, हा प्रश्न लेखकाला पडलाच नाही.

मला एवढं का लागलं, तेही सांगते. आमच्या सासरचा कुलवृत्तांत निघालाय, जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. त्यात आमच्या घराबद्दल एक ओळ आहे: ‘पुढे स्त्रियांच्या कलहामुळे घर विभक्त झाले.’ स्त्रिया म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ. खरं काय झालं होतं? थोरल्या दिरांनी कुणाला न विचारता कलमांच्या बागेवर कर्ज काढलं आणि भाऊ-भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. १९८७च्या मे महिन्यात माजघरात भिंत उठली. गवंडी काम करत होता तेव्हा वहिनी पदर खोचून त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “चुलीपाशी एक वीट सोड रे, धूर कोंडतो.” त्या एका विटेच्या भोकातून पुढे कितीतरी मे महिने विरजणाची वाटी इकडून तिकडे गेली. भोकाची खालची कड अजून तुपकट, काळी आहे, कुणीही येऊन बघावी. कुलवृत्तांताच्या मंडळींना फोन केला तर म्हणाले, “छापून झालंय, पुढच्या आवृत्तीत बघू.” वहिनी आता ८१ वर्षांच्या आहेत. पुढची आवृत्ती कधी?

असो. शेवट तर लेखकानं फारच गोड केलाय: ‘पतीच्या विरहाने झुरून तिने प्राण सोडला.’ झुरत बसली नव्हती हो! खुनानंतर भर थंडीत काळ्या कपड्यांत मुलं आणि सून घेऊन ती पॅरिसला न्याय मागायला गेली. मार्च १४०८मध्ये बर्गंडीच्या बाजूनं एका धर्मपंडितानं जुलमी माणसाला मारणं कसं रास्त आहे हे भर सभेत पटवून दिलं, खुन्याला माफी मिळाली. ही पुन्हा पॅरिसला गेली. ४ डिसेंबर १४०८ला ब्ल्वाच्या किल्ल्यात वारली, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. नवऱ्याचा बाहेरचा मुलगा तिनं आपल्या मुलांत वाढवला; तोच द्युन्वा, १४२९ला ऑर्लेआँमध्ये जोन ऑफ आर्कच्या बरोबरीनं लढलेला. लेखात त्याला जागा नाही, दागिन्यांना दोन रकाने.

आणि तुमची ती वंशावळ! लुई, त्याचा कवी मुलगा शार्ल, त्याचा फ्रान्सचा राजा झालेला बारावा लुई, सगळे बाप-लेक सरळ रेषेत. मग बाराव्या लुईनं १४९९ला मिलान घेतलं ते ‘महत्त्वाकांक्षेपोटी’, असं लिहावं लागतं. तो आजीचा वाटा मागायला गेला होता. आजीच चौकटीत नाही, तर वाटा दिसणार कुठून? मी कॉलेजात तेवीस वर्षं फ्रेंच शिकवलं, शार्लच्या कविता शिकवताना दरवर्षी फळ्यावर हे झाड काढलं आहे. हवं तर काढून पाठवते, फुकट.

जाता जाता: फुटपाथच्या खड्ड्यांबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही छापलंत, आभारी आहे. पण खाली माझ्या नावामागे ‘श्री.’ लावलं होतंत. त्यावर चार जणांनी यजमानांचं अभिनंदन केलं. या वेळी नाव छापूच नका. कुलवृत्तांतवालेही तुमचाच पेपर घेतात.

कळावे,
एक वाचक (स्त्री), डोंबिवली पूर्व