खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला धर्मप्रचारावरचा लेख आणि त्यावर कालच्या अंकात छापलेली दोन पत्रं, तिन्ही वाचली आणि तिन्हींचा राग आला. लेखक अभ्यासू आहेत, त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच लिहिते. पण शेजाऱ्याच्या पेटलेल्या घराचा त्यांनी दिलेला दाखला काही केल्या डोक्यातून जात नाही. शेजाऱ्याचं घर पेटलंय आणि आपण त्याला हाक मारली नाही, तर ते कसलं प्रेम, असं ते विचारतात. अहो, पण घर पेटलंय हे ठरवलं कुणी? ज्याच्या दाराशी तुम्ही उभे आहात तो आत शांतपणे जेवतोय, त्याची पोरंबाळं खेळताहेत, आणि तुम्ही बाहेरून ओरडताय की आग लागली. त्याने म्हटलं, बाबा रे, कुठे आहे आग? तर तुमचं उत्तर तयार, की तुला दिसत नाही हेच तर तुझं दुर्दैव. या उत्तरापुढे माणसाने बोलायचं काय?

हे मी पुस्तकं वाचून लिहीत नाही. माझ्या आईच्या खाटेशेजारी बसून ऐकलेलं आहे.

आई माळकरी. तिच्या वडिलांनी पंढरपुरात तिच्या गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली, ती लग्नाच्याही आधी. तेव्हापासून एकादशी, हरिपाठ आणि पाय चालत होते तोवर आषाढीची वारी. म्हातारपणी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन करता येईना, म्हणून पायाला ट्रॅक्शन लावून, वजनं टांगून, तिला बायकांच्या वॉर्डात ठेवली होती. कुशीवर वळायचं तरी दोघींचा आधार लागायचा.

त्या वॉर्डात एक जोडपं यायचं. बोलायला गोड, कपडे नीटनेटके, हातात बिस्किटांचे पुडे आणि छोट्या पुस्तिका. समोरच्या खाटेवरच्या बाईंनी त्यांना बोलावलेलं होतं, तिच्यासाठी ते प्रार्थना करायचे. ती तिची श्रद्धा, तिचा हक्क. पहिल्यांदा आमच्याकडे वळले तेव्हा "आजी, तुमच्यासाठीपण प्रार्थना करू का?" असं विचारलं. आई म्हणाली, "करा की, देवाचंच नाव आहे." त्यांनी डोळे मिटले, आईने हात जोडले. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. परक्या माणसांनी म्हातारीसाठी देवाला चार शब्द सांगितले, यात वाईट वाटायचं काय?

पुढच्या खेपेला त्या जोडप्यातल्या बाईंनी आईच्या गळ्याला हात लावला. "आजी, प्रभू बरं करील, पण दोन धन्यांची चाकरी होत नाही. ही माळ काढून ठेवा." आईने माळ मुठीत घट्ट धरली आणि मान भिंतीकडे फिरवली. एवढंच ती करू शकत होती. मी हात जोडून त्यांना जायला सांगितलं, ते गेलेही. पण मी खाली औषधं आणायला गेले असताना परत आले. मी वर आले तर आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माळेला बिलगून राहिलात म्हणूनच पाय मोडला, असं तिला सांगून गेले होते.

लेखक महाशय, यातलं प्रेम मला दाखवा. मी शोधायचा फार प्रयत्न केला. त्या बाईंच्या मनात कपट नव्हतं, हे मी आजही मान्य करते, तिला खरंच वाटत असणार की आपण म्हातारीला वाचवतोय. पण आयुष्यभर जे नाव घेऊन माझ्या आईने चुलीपुढे, शेतात, बाळंतपणात, बाबा गेल्यावर दिवस काढले, ते सगळं आधी चूक ठरवल्याशिवाय त्या बाईला तिच्यावर प्रेम करता येईना. आणि ज्या माणसाला खाटेवरून उठून जाता येत नाही, त्याला धर्म सांगणं म्हणजे त्याला कोंडून ऐकवणं आहे. प्रचार रस्त्यात करा, मैदानात करा, घरी बोलावलं तर घरी करा, जिथे ऐकणाऱ्याला नको म्हणून पाठ फिरवता येते तिथे करा. ट्रॅक्शनवरच्या बाईला पाठ कशी फिरवता येणार?

त्याच वॉर्डातली दुसरी गोष्टही लिहायला हवी. ऑपरेशनला नेताना अंगावर काही ठेवू देत नाहीत. सिस्टरने बांगड्या उतरवल्या, नथ काढून माझ्या हातात दिली आणि माळेपाशी तिचा हात थांबला. आईचा चेहरा बघून ती आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. मग माळ गॉजमध्ये गुंडाळली, आईच्या मनगटावर ठेवली आणि वरून चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. "आजी, तुमच्याजवळच आहे हं." त्या सिस्टरचा धर्म कोणता हे मी विचारलं नाही, आजही मला माहीत नाही.

आता जाता जाता इस्पितळाबद्दल. एका पासावर एकच माणूस, म्हणून माझ्या मुलाला आजीला बघायला वर सोडलं नाही, रखवालदाराने जिन्याशीच अडवलं. मग ही मंडळी वॉर्डात कुणाच्या पासावर येत होती? कार्यालयात तक्रार केली तर उत्तर मिळालं, चांगली माणसं आहेत, बिस्किटं वाटतात. रुग्णाने बोलावलं असेल तर पाद्री येवोत, कीर्तनकार येवोत, मौलवी येवोत, पण ज्याने बोलावलं त्याच्याच खाटेपर्यंत. एवढा साधा नियम करायला कुणाची हरकत असावी?

लेखकांनी पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं, ते बरं झालं. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ज्या ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रयाला त्या तिथल्या वाँटेज गावात राहत होत्या त्यांच्याशीच त्यांचे खटके उडाले. अंडं घातलेलं पुडिंग खात नाही, हा म्हणे यांचा गर्व. क्रुसावर लॅटिनच अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, असं विचारलं, तर तोही गर्व. ख्रिस्त स्वीकारलेल्या बाईलासुद्धा तिच्या ताटातलं आणि गळ्यातलं बदला म्हणून सांगणारे भेटले, आणि ती ठाम राहिली. मी रमाबाईंना मानते ती यासाठी.

आणि म्हणूनच शारदासदनाचं, म्हणजे रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या निवासी शाळेचं, प्रकरण लेखात दोन ओळींत उरकलेलं मला आवडलं नाही. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून गदारोळ झाला, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सुधारक पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. लेखक म्हणतात, हा सगळा सनातन्यांचा कोतेपणा. रानडे आणि भांडारकर सनातनी? उघड्या दारात मला गुन्हा दिसत नाही. पण त्या कोवळ्या विधवांना जायला दुसरं घर नव्हतं, त्यांचं अन्नपाणी त्याच छपराखाली होतं, आणि जिच्या हातचं खायचं तिच्या देवाला नाही म्हणणं सोपं नसतं. पालक घाबरले ते उगाच नाही. तरीही त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या, १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि पुढे त्या बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या. रमाबाईंनी त्यांच्यासाठी जे केलं ते त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत म्हणून वाया गेलं का? लेखात प्रेमाचा दाखला द्यायचा तर हा द्यायचा होता.

आमच्या नगरचंच घ्या. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंची इथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं, सावित्रीबाई शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला त्याच बाईंकडे आल्या. दोघंही ख्रिस्ती झाली नाहीत. मी स्वतः आयुष्यभर मुलींना शिकवलं, त्या बाईंचं ऋण मी कधीही नाकारणार नाही.

आता कालची दोन पत्रं. एका पत्रात म्हटलंय की धर्मांतर केलेले सगळे फसवलेले किंवा विकले गेलेले, आणि प्रचारावर सरसकट बंदी घाला. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांनी दुसऱ्या देवाचं दार ठोठावलं, तर ते दुधाच्या पावडरीसाठी बाटले असं म्हणायची आपली छाती कशी होते? बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षं. सगळ्या धर्मांचे लोक बोलावत होते, त्यांनी वाचलं, तपासलं, आणि स्वतः ठरवलं. धर्म बदलणं हा कुणाचा अपमान नाही. स्वतःचा धर्म सांगण्याचा हक्क तर घटनेच्या पंचविसाव्या कलमानेच दिलाय, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादाही सांगितली, की आपल्या धर्माची शिकवण सांगता येईल, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नव्हे. बंदीची भाषा करणाऱ्यांनी दोन्ही वाक्यं वाचावीत, सोयीचं एकच नव्हे.

दुसऱ्या पत्रलेखकाने 'घरवापसी'चं, म्हणजे धर्मांतरितांना परत हिंदू करून घेण्याचं, कौतुक केलंय. आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब आहे, पणजोबांपासून ख्रिस्ती. घरात ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात, दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतात, नाताळात करंज्या पाठवतात. मागच्या वर्षी त्यांच्या दारी काही तरुण मुलं आली, गळ्यात उपरणी, बोलणं आधी नम्र. काका, परत या म्हणाली. काका म्हणाले, "अरे, मी गेलो कुठे होतो?" त्यावर आवाज चढले, घरातल्या रविवारच्या प्रार्थनेबद्दल विचारपूस झाली, खिडकीतला तारा कुणाच्या परवानगीने लावला असा प्रश्न झाला. मी आणि शेजारच्या दोघीतिघी जाऊन दारात उभ्या राहिलो तेव्हा गेली. त्या मुलांनाही वाटत होतं की शेजाऱ्याचं घर पेटलंय. माझ्या आईच्या गळ्याला हात लावणाऱ्या बाईत आणि या मुलांत मला फरक दिसत नाही. असलाच तर एवढा, की तिथे दोघंच होती आणि ही मुलं घोळक्याने आली होती.

हे नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले असं स्वतःच सांगत. त्यांनी पूल जाळला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, कित्येक वर्षं आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि ठरवलं ते स्वतःच्या मनाने. दुसऱ्याचं मन ठरेपर्यंत इतकी वर्षं थांबावं लागतं, ते लेखकांनी एकदा लिहावं. माझा त्यांच्याशी वाद एवढाच आहे.

संपादक महाशय, शेवटी तुमच्याकडे एक तक्रार. ज्या अंकात हा लेख छापलात त्याच अंकाच्या आतल्या पानावर संतानप्राप्ती, वशीकरण, असाध्य रोगांवर खात्रीचा उपाय अशा बाबा-बुवांच्या छोट्या जाहिराती रांगेने आहेत. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून कायदा आहे. वॉर्डातल्या त्या जोडप्याने प्रार्थनेने बरं करायचं आश्वासन फुकट दिलं, तुमच्या पानावरची मंडळी पैसे घेतात, आणि त्यातला काही भाग जाहिरातीचा दर म्हणून तुमच्याकडे येतो. मी यावर पूर्वी लिहिलेलं पत्र आपण छापलं नाही. हे पत्र जागेअभावी कापावं लागलं तर रमाबाई कापा, नगर कापा, पण हा परिच्छेद कापू नका, आणि त्या जाहिराती कधी बंद करणार ते याच सदरात कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर