दोन विहिरी फुकट गेल्या?

सोलापूर,
२० जानेवारी

प्रिय शालू,
सप्रेम सलाम.

तुझ्या लेकानं वर्गातल्या पोराचं नाक फोडलं हे वाचून आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू. लहानपणी तू काय कमी होतीस? पण पुढं तू लिहिलंस, "इतकी वर्षं शब्बाथशाळा घेतेस, तूच सांग, दुसरा गाल पुढं कर म्हणू का त्याला?" आणि हसू पळालं. कारण यंदा संक्रांतीला चर्चमधल्या माझ्याच रविवारच्या वर्गानं माझं नाक कापलंय.

संक्रांत म्हणजे इथं गड्ड्याचे, सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, पोरांचं चित्त कशात थाऱ्यावर नसतं. माझ्या वर्गातली एक आठ वर्षांची पोर. शाळेत तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण पद्मशाल्यांची, घरी तेलुगू बोलतात. तिनं डब्याच्या झाकणात हिच्यासाठी तिळगूळ आणला. आमच्या या छोट्या बाईसाहेबांनी हात मागं घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या देवापुढं ठेवलेलं आम्हाला चालत नाही. तुमचा देव खोटाय."

ती मुलगी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई हिच्या आईकडं आली. भांडायला नाही गं, विचारायला. "आमचं काही चुकलं का?" भांडली असती तर बरं झालं असतं.

पोर हे कुठं शिकली? माझ्याकडं. दिवाळीनंतर मी दहा आज्ञा घेतल्या, मूर्तिपूजेवर तावातावानं बोलले, आणि शेजारणीशी कसं बोलायचं तेवढं राहून गेलं. बायबलात प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेलं मला काय ठाऊक नव्हतं? कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, पण तेही त्या सांगणाऱ्याच्या विचारानं. दोन्हीकडं काळजी समोरच्याची. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही घरं तिळगूळ घेतात, काही घेत नाहीत, मी त्यात पडत नाही. पण नको म्हणायचं तरी "मला घरून चालत नाही गं, पण तू माझी आठवण ठेवलीस, ये, बस इथं" असं म्हणता येतं. ते आपोआप येत नाही. वचनं पाठ करून घेतो तसं तोंडानं म्हणवून घ्यावं लागतं.

म्हणून परवाच्या रविवारी ठरलेला धडा सोडून इसहाकाच्या विहिरी घेतल्या. बायबलातल्या उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय. सोलापूरच्या पोरांना पाण्याचं भांडण वेगळं समजावून सांगावं लागत नाही, नळ चार-चार दिवसांनी येतो. इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, गराराचे गुराखी म्हणाले, पाणी आमचं. तिचं नाव एसेक, म्हणजे भांडण. सोडली. दुसरी खणली, पुन्हा तेच. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तीही सोडली. तिसरीवर कुणी आलं नाही, ती रहोबोथ, मोकळी जागा. मी अगदी रंगात आलेले, तेवढ्यात मागून एक कार्टं म्हणालं, "मग बाई, दोन विहिरी फुकटच गेल्या की!"

काय उत्तर देणार? गेल्याच. मी म्हटलं, हो, गेल्या. शांतीला खर्च येतो, हे मुलांपासून लपवून आपण त्यांना फसवतोच. पण पुढं वाचलं की तोच अबीमलेख राजा, ज्यानं त्याला निघून जा म्हटलं होतं, तो स्वतः करार करायला आला, आणि इसहाकानं त्याला जेवू घातलं. ते कार्टं गप्प बसलं. पटलं म्हणून की भूक लागली म्हणून, देव जाणे.

आता तुझ्या लेकाचं. आपण ख्रिस्ती म्हणून "तुम्ही इंग्रजांचे" म्हणाला ना तो नाक फुटलेला पोरगा? सुट्टीत लेकाला इकडं घेऊन ये. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेऊन नावं वाचून घेते: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात इंग्रजांनी एकाच दिवशी फाशी दिले. गाव असं सगळ्यांचं मिळून असतं, आपलंही आहे. हे बोलता येणाऱ्या पोराला मूठ लागत नाही. आणि मार खात राहा असं त्याला सांगू नकोस. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्यात: आधी दोघांतच बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने, मग मंडळीला सांग. शाळेत मंडळीच्या जागी बाई. मात्र फोडलेल्या नाकाची माफी त्यानंच मागायची, आणि नुसतं "सॉरी" फेकून नाही. "मी तुला मारलं, तुला लागलं, ते माझं चुकलं," असं पुरतं म्हणायचं. "पण तूच आधी" हे शेपूट जोडायचं नाही. माझ्या वर्गात या शेपटाशीच सगळे अडतात.

एक गंमत राहिलीच. धडा संपल्यावर तेच कार्टं जवळ येऊन विचारतं, "बाई, तुम्ही शेजारच्या काकूंशी बोलता का?" मेल्याला कुणी सांगितलं! त्या नळाला मोटर लावतात, आमचा हंडा भरत नाही, म्हणून मे महिन्यापासून अबोला. संध्याकाळी शेंगाचटणीची वाटी घेऊन गेले. म्हटलं, मी तेव्हा वाईट बोलले, ते चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "मोटर तर सगळेच लावतात." वाटी मात्र घेतली.

मोटर अजून चालूच आहे. पण काल पहाटे पावणेपाचला दार वाजलं. "उठा वो, नळ आलाय."

तुझीच,
मंदा